पोरी पानी पीत न्हवत्या

माझं माहेर कासारसाईचं, दिलं हितं माले गावात, घरधनी गेले तवा पोरगं मांडीवर हुतं, मग शाळेत साफसफाईला लागले ती आजपातूर हायेच, पोरी मावशी म्हनत्यात, मास्तर लोकं बी मावशीच म्हनत्यात, नाव कुणाला ठावं न्हाई.

काय सांगू तुमाला, संडास धुनारी मी एकलीच. नळाला पानी न्हाई, विहिरीवनं बादल्या मीच आनायच्या, आन् दुपारी घान झाली की हेडमास्तर बोलायचे मलाच. मग म्या काय केलं, पोरींच्या संडासाला कुलूपच घातलं. पोरगी किल्ली मागाय आली की म्हनायची, आत्ताच सुट्टी झाली न्हवं, तवा काय झालतं गं? मोठ्यानं म्हनायची, पोरांदेखत. पोरी लाजायच्या, हळूहळू मागायच्याच बंद झाल्या, मला वाटलं लागलं वळण, संडास कसा लख्ख, साहेब लोकं येऊन वाखाणायचे आन् मी फुगायची.

पन पोरी पानीच पीत न्हवत्या वो. बाटल्या भरल्याच्या भरल्या माघारी जायच्या. मला दिसायचं, खोटं कशाला सांगू.

नववीतली आरती, वरच्या वाडीवनं तासभर चालत यायची, ती प्रार्थनेला उभी हुती ती पडलीच. अंगाला हात लाववंना, इतका ताप. पौडच्या दवाखान्यात नेली, तितनं पुण्याला, लघवीचं इन्फेक्शन किडनीपातूर गेलेलं. डॉक्टर इचारत हुते, पानी का पीत न्हाईस गं, तर म्हनली, तहानच लागत न्हाई. मी पायाशी उभी. तिनं माझं नाव घेतलं न्हाई.

म्होरं हेडमास्तरांची बदली झाली, नव्या बाई आल्या, त्यांनी मास्तर, खिचडी करनाऱ्या बाया, पोरी, आयाबाप, समद्यांना एका ठिकानी बसवलं, मला बी. म्हनल्या, वरसातनं एकदा तपासनी करून भागत न्हाई, पोरांची तब्येत आख्ख्या शाळेनं बघायची, सांगा, आरती का पडली? मी उठले, म्हनलं, म्या पाडली.

बाई रागावल्या न्हाईत. म्हनल्या, मावशी, एकटीवर टाकलं आमी, चूक आमची बी हाय. तवापासनं कुलूप निघालं, आता टाकी हाय, नळाला पानी हाय, पानी प्यायची घंटा वाजती तवा मास्तर बी बाटली तोंडाला लावत्यात, धुवायची पाळी समद्यांची, मनातलं बोलाय पोरी एका बाईंकडं जात्यात. लई बरं झालं. पन मला कुनी बोल लावत न्हाई, त्येच टोचतंय.

आरती दहावीत गेली, गोळ्या चालूच हायेत. परवा म्हनलं, जाऊन ये की गं, सुट्टी झालीया. तर म्हनली, नगं मावशी, घरी जाईन, सवय झालीया. आन् हसली. देव तिला उदंड औक्ष देवो. माफी म्या अजून मागितली न्हाई, मागितली की ती लगीच देईल, ते मला सोसायचं न्हाई.