सोमवारचं इंजेक्शन

कुडाळच्या दवाखान्यात नंबराची वाट बघता बघता अक्षयानं विज्ञानाचं पुस्तक मिटलं आणि शेजारी बसलेल्या, मासे विकणाऱ्या शेवंतीकडे नि तिच्या लेकीकडे कान टवकारले.

"आये, डायबेटीसचा इंजेक्शन सोमवारी कित्याक चुकवतंस? बाजारात चक्कर येवन पडलंस मा!"

"उपासाक डुकराचा इन्सुलिन घेव?"

"ह्या नवा डुकराचा नाय. माणसाचा."

"शी गो! माणसाक कापतत?"

"कोणाक कापूचा लागणा नाय! माणसाचा जनुक यीस्टमध्ये घालतत, मगे ता यीस्टच इन्सुलिन तयार करता."

"यीस्ट म्हणजे?"

"तुझा आंबोळीचा पीठ फुगवता ना, तसला."

"मगे उपासाक आंबोळी चलता?"

अक्षयानं दहावीचं पुस्तक पुन्हा उघडलं; त्यात यीस्ट होतं, उपास नव्हता.

"तू डॉक्टरांका इचार गो," शेवंतीनंच तोडगा काढला, "साबुदाण्याचा इन्सुलिन मेळात काय?"