हवा लागू द्या

—नाही, शटर आधीपासूनच खाली होतं. थांब. होतं का? त्याच्या टेबलावर पडलेली उन्हाची पट्टी आठवते मला, म्हणजे शटर निदान अर्धं तरी वर असणार — आणि त्याच्या पुढची आठवण एकदम अंधारातली, नुसता पंख्याचा आवाज. मधलं काही नाही. इतकी वर्षं मी ही गोष्ट उगाळतो आहे, आता यात खोड किती उरलं आणि पाणी किती, ते मलाच सांगता येत नाही. पण तू विषय काढलास म्हणून. काय म्हणालीस तू? "सर, आमचं सॉफ्टवेअर वापरून बघा, फायनल अजून आलेलं नाही, पण पुढच्या महिन्यात नक्की." हेच ना? वर्षाली ना तू? वलगावची. रागावू नको वर्षाली, तुझं काय ते मी घेईन किंवा घेणार नाही, ते पुढे बघू — आधी एकच सांग, तुमच्या ऑफिसला मागचं दार आहे का? हसू नको. योगेशच्या खोलीला नव्हतं.

योगेश तायडे. अकोल्याचा. कापडाच्या दुकानाच्या वर एक खोली, तीन कॉम्प्युटर, आणि हा एकटा. तुझ्यासारखंच त्याचं काम — जुन्या-नव्या चार-पाच हार्ड डिस्क जोडायच्या आणि त्यांची एक मोठी कोठी करायची. प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर ठेवायची, एक मेली तरी दुसरीत जिवंत. नाव काय ठेवलं होतं — पेव. तुला पेव माहीत आहे? नसेलच. तुझ्या आज्याला विचार. जमिनीखाली धान्याचा खड्डा असतो, विहिरीसारखा, तोंड लहान, वरून माती लिंपलेली. आमच्या गावात होते. मी त्यांच्या तोंडावर खेळलेला माणूस आहे, हे ध्यानात ठेव, पुढे लागेल. मला ते नाव फार आवडलं. म्हटलं, चला, कुणीतरी आपल्या मातीतलं नाव ठेवलं. म्हणून तर घेतलं. नावावरून घेतलं, एवढ्या शिकलेल्या माणसानं!

माझं काय होतं त्यात? अळ्या. हसतेस पुन्हा. सगळे हसतात, माझ्या सासुरवाडीत मला अळ्यांचा डॉक्टरच म्हणत. कापसाच्या बोंडात अळी कशी शिरते, आत काय करते, कशी वाढते — बोंडाला बारीक भोक पाडून आत कॅमेरा सोडून मी ते टिपलं होतं. हंगामामागून हंगाम. वलगावच्या शिवारातच, तुमच्याच गावच्या कापसाच्या पराट्यांत गुडघे टेकून. निवृत्त झालो, पुस्तक लिहायचं होतं, सगळं त्या पेवात. दुसरीकडे का नाही ठेवलं? बरोबर आहे, विचार. मी स्वतःला रोज विचारतो. दोन डिस्कांवर आहे म्हणाला ना तो! मी विश्वास ठेवला.

आणि ते कच्चं रूप होतं. प्रत्येक कच्च्या रूपाला मुदत. मुदत संपली की पेव बंद, मग तो नवीन कच्चं रूप पाठवणार, पुन्हा मुदत. फायनल कधी? पोळ्याले, सर. पोळा गेला. दसऱ्याले. दसरा गेला. मग कौंडण्यपूरच्या जत्रेले नक्की, सर — रुक्मिणीचं माहेर आहे, तिथून तीसुद्धा एकदाची निघाली, याचं फायनल काही निघेना! आम्हा गिऱ्हाइकांचा मोबाइलवर ग्रुप होता. तिथे दर वेळी त्याचा एक निरोप यायचा — "दिवा सोडून पाहिला. विझला. फायनल पुढे." बस. ना कारण, ना माफी. म्हणजे काय दिवा? कसला दिवा? पेवात उतरण्याआधी दोरीनं दिवा सोडतात, तो विझला तर आत विषारी हवा आहे असं समजायचं — ते त्याचं तपासणीचं नाव होतं. मला कळत होतं. मी ग्रुपवर समजावलंही नाही कुणाला. चिडलो होतो ना मी.

तिथे काय काय लिहीत लोक, तू वाचलं असतंस तर हा धंदा सोडून दिला असतास. एक पॅथॉलॉजीवाला होता, एम.डी. — लिहितो, याचे हात मनगटापासून तोडा. एक निवृत्त मुख्याध्यापक, एरवी सकाळी सुविचार पाठवायचे, त्यांनी लिहिलं, जिवंत गाडा याच्याच पेवात. मी? मी काही फारसं नाही लिहिलं. मी एवढंच — अशा माणसाला चौकात उलटं टांगलं पाहिजे. गंमत होती ती. पुढे हसरा चेहरा टाकला होता मी. टाकला होता बहुतेक.

मनकर्णा! चहा दोनच कर, माझ्यात साखर घालू नको!... ऐकू येत नाही बायकोला. येतं, पण ओ देत नाही. ज्या वर्षी गुलाबी अळीनं वऱ्हाडातली बोंडं पोखरली ना, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नसराई. आमच्या ग्रुपात गुलफाम होता, अमरावतीचा, लग्नाची शूटिंग करणारा. सगळ्या हंगामाची लग्नं त्याच्या पेवात. तोंडाचा गोड माणूस, मला "प्रोफेसर साब" म्हणायचा. आणि मे महिन्यात मुदत संपली. सकाळी कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर एक ओळ — "पेव उघडलं हाये. हवा लागू द्या. उतरू नोका." दुसरं काही नाही. ना टक्के, ना पट्टी सरकते, ना बटण. दाबलं तरी ढिम्म. आता तू सांग, तू शिकलेली आहेस — मुदत संपलेली, फायनल नाही, आणि समोर ही वऱ्हाडी ओळ! माणूस काय समजेल? थट्टा! मी बंद केला, पुन्हा लावला. तीच ओळ. बंद, चालू. बंद, चालू. दिवसभर. सगळे तेच करत होते. ग्रुपवर तेवढंच — मी बंद करून पाहिलं, तुम्ही करून पाहिलं का?

गुलफामचं वेगळंच होऊन बसलं होतं. नगमा म्हणून मुलगी, तिचं लग्न त्यानं टिपलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचे वडील गेले — अब्दुल गफ्फार, फळांचे व्यापारी, मी त्यांच्याकडून संत्री घेतलेली आहेत. छातीत कळ आली आणि गेले. फोटो ढिगानं होते त्यांचे. पण चालताना, बोलताना, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटताना — ते फक्त गुलफामच्या डिस्कवर. पोरगी रोज फोन करायची, भाईजान, अब्बा दाखवा. आज दाखवतो, उद्या दाखवतो. शेवटी तिचे भाऊ आले दुकानात. त्यांना वाटलं, हा दडवून ठेवतो आहे, जास्त मागायचं असेल. दोन दात पाडले त्याचे. त्याच संध्याकाळी मला फोन — "प्रोफेसर साब, कल अकोला चलते. तुम्ही पढेलिखे, तुमी समजावून सांगा त्याले." मी समजवायला गेलो होतो, वर्षाली. हे पक्कं आठवतं. समजवायलाच.

गाडीत त्याचा कॉम्प्युटर मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेला, पोरासारखा. आणि कॅमेऱ्याचा स्टँड. मी म्हटलं स्टँड कशाला रे? तो म्हणाला, गाडीतच राहते ते हमेशा. मूर्तिजापूर मागे पडलं. मग म्हणाला — "साब, माह्या दुकानात येऊन मले मारलं. माह्या बायकोसमोर. आणि थो तिथं पंख्याखाली बसून हवा लागू द्या लिवते!" मी म्हणालो, बरोबर आहे तुझं. एवढंच म्हणालो. बरोबरच होतं ना त्याचं?

योगेश बारीक पोरगा, चष्मा, डोळे सुजलेले, कित्येक दिवस झोप नसावी. आम्हाला पाहून उठला, खुर्ची पुसली माझ्यासाठी. "बसा सर." गुलफामनं कॉम्प्युटर टेबलावर आदळला. म्हणाला, फायनल काढ. योगेश म्हणाला, "नाई होत भाऊ. दिवा विझून राहिला. दिलं त तुमचं सारं खाऊन जाईन थे." मग खोल. जुनं तरी खोल. तर म्हणाला — ऐक नीट, हे मला शब्दन्‌शब्द आठवतं, बाकी काही आठवत नसलं तरी — "खोलून राहिलं ना भाऊ थे आपल्या हातानं. बंद नोका करू. रातभर राहू द्या तसंच. सकाळी उघडते." आणि गुलफाम काय म्हणाला माहीत आहे? "दोन साल झाले बे तुह्या सकाळीले!"

आणि घातला स्टँड. पहिला खांद्यावर. दुसरा त्यानं हात वर केला तर बोटांवर — तो आवाज, पराटीची वाळली काडी मोडते ना तसा. तो ओरडला नाही गं. ओरडायला पाहिजे होतं त्यानं, खालचे कापडवाले आले असते. तो एकच घोकत होता, रातभर राहू द्या भाऊ, हात नोका लावू, रातभर. गुलफामच्या तोंडातून रक्त येत होतं, दातांची जागा पुन्हा फुटली होती, तो ते त्याच्यावरच थुंकत होता आणि मारत होता. फायनल दे. दे फायनल. टेबलाच्या काचेवर चष्मा फुटला. तिसरा का चौथा फटका कानामागे बसला आणि पोरगा खाली बसल्यासारखा बसला, भिंतीला टेकून, आणि त्याचा एक पाय आपोआप हलत होता. मी खुर्चीतच होतो. त्यानं पुसलेल्या. दोन वर्षं माझ्या छातीवर कुणीतरी बसलं होतं, पोळा, दसरा, जत्रा, आणि ते उतरलं. बरं वाटलं मला. काय? — बरं वाटलं असं नाही म्हणालो मी. मी म्हणालो, बरं... बरंच वेळ चाललं ते. तसं. चहा घे, गार होतो आहे.

शटर तेव्हा खाली होतं, एवढं नक्की, कारण निघताना ते उचलावं लागलं. जड होतं. माझ्या तळहाताला ग्रीस लागलं होतं, पण ते उचलतानाचंच असणार ना? खाली ओढताना लागेल तेवढंच उचलतानाही लागतं.

वाचला तो. बापानं दवाखान्यात नेलं, पोलीस आले, योगेशनं जबाब दिला — जिन्यावरून पडलो. आमचं दोघांचंही नाव घेतलं नाही. का नसेल घेतलं? मला वाटतं त्याला वाटलं असेल, उशीर आपलाच झाला. अक्षरं ओळखतो आता, पण ओळ लागत नाही त्याला. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. बाप त्याला आपल्या दुकानात बसवतो, तो पोती मोजतो. त्यानं लिहिलेलं ते सगळं — हजारो ओळी, एकट्यानं — त्याला दाखवलं तर म्हणे कौतुकानं विचारतो, कोणं लिवलं हे?

गुलफामनं परत येऊन डिस्का एका दुकानदाराला दिल्या, काहीतरी कर म्हणून. त्यानं पुसून कोऱ्या करून दिल्या, वर म्हणाला, आता छान चालतात. नगमा अजूनही कधी बाजारात दिसते, मला ओळखत नाही, मी बाजूनं निघून जातो. आणि योगेशच्या वेबसाइटवर अजून आहे म्हणे — फायनल लवकरच. कोणी काढलंच नाही.

मी माझं तसंच ठेवलं होतं. कुणाला द्यायचं धाडस नाही, फेकायचं धाडस नाही. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी मनकर्णा म्हणाली, त्या डब्ब्याची जागा मले लोणच्याच्या बरणीले पाहिजे, काढा. म्हटलं, भंगारात द्यायच्या आधी एकदा लावून बघू. लावला. तीच ओळ. हवा लागू द्या. मी त्याला शिवी दिली — त्या पोराला, ज्याला ओळ लागत नाही त्याला — आणि बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात धामणगावहून फोन. मनकर्णेचा भाऊ गेला. तसेच निघालो. पंखा, दिवा, कॉम्प्युटर, सगळं चालू राहिलं.

अगं, पेव उघडल्यावर कोणी लगेच उतरत नाही! माझे वडील तोंडाची माती काढायचे आणि आम्हा पोरांना हाकलून द्यायचे, आज नाही, उद्या, रातभर हवा लागू दे त्याला, दिवा सोडायचा तोही सकाळी. शेजारचा एक गडी घाईत उतरला होता, वर त्याला दोरीनंच काढला. हे मला माहीत होतं. पीएच.डी. करायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. पॅथॉलॉजीवाल्याला नसेल, गुलफामला नसेल, मला होतं. योगेशचं पेव प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कांवर ताडून पाहत होतं, उघडायच्या आधी, रात्रभर — आणि आम्ही बंद करायचो, चालू करायचो, की पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी आम्हीच तोंड लिंपायचो.

नाही, सही नाही करणार मी. ऊठ तू. उचल तुझं ते. तुझा काही दोष नाही, चांगली मुलगी आहेस, पुढच्या महिन्यात म्हणू नको कुणाला, आणि मागचं दार करून घे. जा आता. चप्पल त्या बाजूला आहे.

धामणगावहून परत आलो तेव्हा उघडलेलं होतं. सगळं. एकही अळी हरवलेली नव्हती. मी शास्त्राचा माणूस, एका वेळेवर विश्वास ठेवत नाही — म्हणून बंद केला, पुन्हा लावला, ती ओळ आली, आणि हात न लावता जाऊन झोपलो. सकाळी पुन्हा उघडलेलं होतं.