अकरा नापास हळदी

कमलाकांत : आणि आधी ती पाटी दाराबाहेर ठेव. खोलीभर बोंबलाचा वास सुटलाय.

लाडकी : बोंबील नाय ते, पापलेट हाय. मावऱ्याचा वास वलखता येत नाय, आन म्हने दर्यावर गानी लिवतात!

कमलाकांत : खंडेराव, हिला कुणी बोलावलं?

खंडेराव : म्या बोलावलं, मास्तर. बाजारात मावशी मासळी विकत बसल्या हुत्या. म्हनलं, माझ्या खोलीवर मास्तर टेपा निवडाय बसल्यात, उद्या सकाळच्या गाडीनं त्या मुंबईला कंपनीत जायच्यात. त्यात मावशींचा बी आवाज हाय, तवा म्हनलं...

कमलाकांत : आवाज आहे, पण पाठवण्याजोगा नाही. चौदा रिळं निवडून झाली. चाळीस वर्षांत ज्यांची तबकडी निघाली नाही अशी माझी गाणी, निराळ्या चाली, गाळलेली कडवी, सगळं कंपनी काढते आहे. पंधराव्या रिळावर माझं मनोगत.

लाडकी : ते काय असतंय?

कमलाकांत : मी काय सोसलं, कसं लिहिलं, ते माझ्या तोंडून.

लाडकी : म्हंजे गान्यापरीस तुमीच लांब.

खंडेराव : पर मास्तर, कोरं रीळ एक बी शिल्लक न्हाई. ज्या सायबाकडनं हे टेपचं मशीन घेतलं, तो वीजघराचं काम उरकून त्याच्या मुलखाला गेला. बोईसरात कुठं मिळणार?

कमलाकांत : कोरं कशाला हवं? हिचं पुसा.

लाडकी : माजं?

कमलाकांत : तुझंच. एक हळदीचं गाणं. तीन वर्षांत अकरा वेळा गायलीस आणि अकरा वेळा चुकलीस. हा बघ रिळाचा डबा. माझ्या अक्षरात आहे. एक, नापास. दोन, नापास. तीन, नापास...

लाडकी : पुरं. मना वाचता येत नाय, ऐकू येतंय.

कमलाकांत : पहिलीच ओळ! 'आली उंबऱ्याशी चंद्रलेखा, हळदीचं ऊन लेऊन.' सोपी आहे की नाही? आणि ही काय गाते? 'आली उंबऱ्याशी नवसीबाय.' पुढच्या खेपेला पारूबाय. मग आणखी कुणी बाय. खंडेराव, मी हात वर करून थांबवायचो, तरी ही बया पुढे गातच सुटायची.

लाडकी : चंद्र आन ऊन एकाच वलीत! असलं आभाल कवा बगितलंत हो?

कमलाकांत : त्याला काव्य म्हणतात.

लाडकी : आमच्या पालघरकडच्या माहीमच्या आख्ख्या कोलवाड्यात चंद्रलेखा नावाची एक बी पोर नाय. हलद कोनाला लावू? तुमच्या वहीला?

कमलाकांत : शब्द विसरायचे आणि वर तोंड करून बोलायचं!

लाडकी : इसरलं नाय मी! मना इसराली म्हनता? तुमाला तीन सालांत एकदा बी इचारावंसं वाटलं नाय, का गं लाडके, दर वक्ताला नाव का बदलतंय?

कमलाकांत : गाणारणीला काय विचारायचं?

लाडकी : तर मंग ऐका. आमच्यात हलदीचं गानं उगाच गात नाय. ज्या दिशी गावात एकादी पोर पाटावर बसते त्याच दिशी गायाचं, आन तिच्याच नावानं. नाव नसलं तर ती हलद वाऱ्यावर जाते. तुमी बोलवायचे, मी म्हनायची आज नाय, परवा येते. आठवतंय?

खंडेराव : व्हय की! मला वाटायचं मावशींना बाजारातनं सवड न्हाई.

लाडकी : परवाला नवसीची हलद असायची. तिकडनं उठून, पिवल्या हातानं, तुमच्या मशीनसमोर. अकरा बाया, अकरा लग्नं. आन या मास्तरानं सगल्यांना नापास केलं.

कमलाकांत : छान. म्हणजे माझं गाणं तू गावजेवणाला वाढलंस! पुसा खंडेराव, लावा ते रीळ.

लाडकी : पुसा. धा पुसा. नववं तेवडं ठेवा.

कमलाकांत : नवव्यात काय सोनं लागलंय?

लाडकी : ठेवा म्हनते ना.

कमलाकांत : एकाच रिळावर आहेत सगळी. हिच्या नवव्या चुकीसाठी मी माझं मनोगत कापायचं? आता कोणती बाय आहे त्यात? राहीबाय की रखमाबाय?

खंडेराव : मास्तर, नववं तुमी ऐकलंय का?

कमलाकांत : डब्यावर लिहिलंय ना नापास.

खंडेराव : लिवलंय. पर ऐकलंय का? त्या दिशी तुमी आलाच न्हवता. म्या रीळ गुंडाळून दिलं, तुमी न उलगडताच वर शिक्का मारला.

कमलाकांत : आठ ऐकल्यावर नववं ऐकायची गरज नसते. आणि त्या दिवशी मला बरं नव्हतं.

लाडकी : बरं नवतं! खुर्चीत बसून भिंतीकडं तोंड केलंतं, ते मना ठावं हाय. त्या दिशी तुमची येसू लगीन लावून घेत होती.

कमलाकांत : हे नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही.

लाडकी : का? पोर तुमची, नाव तुमी ठेवलेलं.

कमलाकांत : कुठला तो परभणीकडचा फिटर! ना गाव माहीत, ना घराणं. रामकिसन म्हणे! मी चाळीस वर्षं लोकांच्या मुलींची लग्नं गाण्यांत लावली, आणि माझी मुलगी पालघरच्या कचेरीत सही करून निघून गेली. ना हळद, ना अक्षता.

लाडकी : हलद नवती म्हनून कोनी सांगितलं तुमाला?

कमलाकांत : कोण लावणार होतं? तिची आई नाही. मी दार लावून घेतलं होतं.

लाडकी : दार तुमचं लागलं. गावाचं नाय. खंडेरावांच्या बायकोनं, रत्नाबाईनं, याच खोलीत पाट मांडला. हलद वाटली. आन मी गायले. तुमचं मशीन हितंच होतं.

कमलाकांत : खंडेराव?

खंडेराव : आता खोटं कशाला बोलू, मास्तर. पोरीनं शपथ घातली हुती, सांगू नका म्हनून. म्हनूनच आज मावशींना बोलावलं. म्या एकटा तुमच्याफुडं कुठनं बोलनार?

कमलाकांत : दोघांनी मिळून मला दोन वर्षं मूर्ख बनवलंत.

लाडकी : ते काम तुमी एकट्यानंच केलंत. आमाला हात बी लावाय दिला नाय.

कमलाकांत : लावा. नववं लावा.

(खंडेराव रीळ पुढे सरकवून थांबतो. टेप सुरू होते.)

टेपमधली लाडकी : आली उंबऱ्याशी येसूबाय, हलदीचं ऊन लेऊन...

कमलाकांत : मागे खरखर कसली?

खंडेराव : पाटा-वरवंटा हाय. आमची रत्ना हळद वाटतीया.

कमलाकांत : आणि आता बंद पडलं?

खंडेराव : गानं संपलं. पर म्या मशीन लगीच बंद केलं न्हवतं. थांबा जरा.

टेपमधली येसू : लाडकीकाकू, अजून एकदा म्हणा ना. बाबा हे लिहीत होते तेव्हा मी शेजारीच बसलेली असायची. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या हळदीला हेच गाणं. पण बाबांना सांगू नका हं. नाव बदललेलं त्यांना चालत नाही.

लाडकी : ऐकलंत?

कमलाकांत : पुन्हा लावा.

खंडेराव : लावतो.

कमलाकांत : नको. राहू दे. लाडकी, मी न ऐकता लिहिलं होतं ते. नापास.

लाडकी : ठावं हाय. बाकीची धा ऐकून बी तेच लिवलंत, त्यात काय मोटेपना?

कमलाकांत : लाज वाटते मला.

लाडकी : वाटू दे. दोन सालं उशीर केलाय, जरा जास्तच वाटू दे.

खंडेराव : मास्तर, मनोगताचं काय करायचं?

कमलाकांत : नको ते. मी काय सोसलं ते ऐकून कुणाचं काय अडलंय! हे रीळ पुसू नका. आणि मुंबईलाही नको. ती कुठे राहते?

खंडेराव : हितंच बोईसरात. मागं तीन गल्ल्या सोडून, कामगारांच्या चाळीत.

कमलाकांत : तीनच?

लाडकी : तीनच. तुमी टेपा निवडायला दर आठवड्याला हितं यायचे, ती दारात उबी राहून तुमाला जाताना बगायची. तुमची मान कायम वर. दिसनार कशी?

कमलाकांत : रिकाम्या हातानं कसा जाऊ?

लाडकी : दाराशी पापलेट हायत. दोन घेऊन जा, आन वास येतो म्हनू नका.

कमलाकांत : खंडेराव, हे मशीन तीन गल्ल्या उचलून नेता येईल का? तिला ते नववं ऐकवायला...

लाडकी : मशीन कशाला? गानं तिला पाठ हाय.