आटे जुळले होते हो

...नाही, पण मला एक सांगा, आटे जुळले होते की नाही? मी नळाची कामं करतो, तेरा वर्षं झाली, शाळा सुटली तेव्हापासून... म्हणजे शाळेनं मला सोडलं तेव्हापासून. आणि आमच्या धंद्यात कायदा एकच. आटा आट्यात बसला, दोन फेरे न अडखळता गेले, की ती वस्तू त्या वस्तूची झाली! कुणी बनवली, कधी बनवली, कशाला विचारायचं? आजोबांच्या वयाच्या पाइपाला मी काल बाजारात आलेली तोटी लावतो, एक थेंब गळत नाही. मग ह्या कॅमेऱ्याचंच मी काय घोडं मारलं होतं?

कॅमेरा माझा नाही हो, दादाचा. माझ्या थोरल्या भावाचा. जुना, विटेसारखा जड, रोल घालायचा. कोपऱ्यातल्या बारक्या खिडकीतून बघितलं की एका माणसाची दोन माणसं दिसतात. पुढचं कडं फिरवत फिरवत ती एकावर एक आणायची, जुळली की फोकस झाला. दादा हे इतकं मन लावून करायचा की ती दोन माणसं जुळेपर्यंत खरा माणूस उठून जेवायला गेलेला असायचा. तर तो दादा गेला. तीन महिने झाले. सकाळी बूट घालायला खाली वाकला तो वर आलाच नाही. पस्तिशीही गाठली नव्हती. एक बूट पायात, एक हातात... मला अजूनही कुणी बूट घालताना दिसलं की मी... जाऊ दे. कॅमेऱ्याचं सांगत होतो.

कॅमेऱ्यात रोल होता, अर्धा झालेला. आकडा एकोणीसवर. वहिनीनं तो आकडा बघितला आणि आहे तिथंच खाली बसली. म्हणाली, ह्यात त्यांचे शेवटचे एकोणीस फोटो आहेत. आता शहाण्या माणसानं काय करावं? रोल आहे तसा धुवायला द्यावा. मी काय केलं? म्हटलं, दादाचं काम अर्धवट ठेवायचं नाही, उरलेले सतरा मी काढणार! पण लेन्सवर होती धूळ. आणि धूळ म्हटली की मला नळ दिसतो. लेन्स फिरवून काढली, साबण लावला आणि धरली धारेखाली... असे बघू नका हो माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी काचेच्या आत असं धुकं साठलं, जणू लेन्सच रडतेय.

मग दादाच्या कपाटात, स्वेटरांच्या मागं, एक डबा सापडला. आत लेन्स. नवी कोरी, हल्लीच्या बनावटीची. वहिनी म्हणाली, ही तर मी कधी बघितलीच नाही. माझा जीव तुटला हो. म्हटलं, बिचाऱ्यानं हौसेनं आणली आणि लावायलाही मिळाली नाही! आपणच लावू. लावली. आणि तुम्हाला सांगतो, आटे जुळले होते. लोण्यात बोट जावं तशी आत गेली. फक्त शेवटी जरासं अडलं. आता शेवटी अडलं की नळवाल्याला काय होतं? आनंद होतो! अजून अर्धा फेरा जोर लावायचा, की जन्मात गळणार नाही. लावला अर्धा फेरा.

आतून आवाज आला. कट्.

बारीकसाच. बटण दाबतो तर दबेना, चावी फिरवतो तर फिरेना. आता वस्तू बंद पडली की आपण काय करतो, झाकण उघडून आत बघतो! मागच्या झाकणाच्या कडीवर माझं बोट गेलंसुद्धा, तेवढ्यात वहिनीनं मनगट धरलं. तीन महिन्यांत आवाज न चढवलेली बाई, तेव्हाही चढवला नाही.

"भाऊजी, उजेड शिरला तर सगळं पांढरं होईल. एकदा गेलेत ते. तुम्ही परत घालवू नका."

मग कॅमेरा टॉवेलात गुंडाळून, आजारी पोराला न्यावं तसा, चिमटाकाकांकडे नेला. म्हणजे कॅमेरे दुरुस्त करणारे म्हातारे. जिन्याखाली हातभर दुकान, बोटांत कायम चिमटा, बोलतात इतके हळू की वाक्य संपेपर्यंत आपली दाढी वाढावी. कॅमेरा कानाशी धरला, हलवला, आणि विचारलं, जोर कुणी लावला? मी म्हटलं, काका, आटे जुळले होते! तर म्हणतात कसे... "अरे बाबा... पाहुणा दारातून आत आला... म्हणून त्यानं खोलीभर पाय पसरायचे नसतात."

आणि मग तासभर सुनावलं. म्हणे नव्या लेन्सचा पार्श्वभाग मोठा असतो. नवे कॅमेरे आतून रिकामे, त्यांत तो मावतो. जुन्याच्या पोटात मात्र ती दोन माणसं जुळवणारी नाजूक दांडी असते, आणि तिच्यामागं छत्रीच्या कापडासारखा पडदा. म्हणून म्हणे नवी लेन्स लावायची तर आधी जुनीच्या शेजारी ठेवून मागून किती लांब आहे ते बघायचं, कॅमेऱ्यात रोल नसताना लावायची, दोन बोटांनी, आणि अडलं की थांबायचं. अडलं की थांबायचं! आमच्यात अडलं की थांबला तो उपाशी मेला.

मग त्यांनी उजेड आत न जाणारी, बाह्यांची काळी पिशवी काढली, कॅमेरा आत सरकवला, दोन्ही हात घातले आणि डोळे मिटून बसले. मी समोर स्टुलावर. आयुष्यात मी कुणाच्या हातांकडे इतकं बघितलं नव्हतं, आणि तेही दिसत नसलेल्या! शेवटी रोल डबीत बंद होऊन बाहेर आला. वाचला. मी रडायच्या बेतात, तर म्हातारे कॅमेऱ्यात डोकावून म्हणाले, परत?

परत म्हणजे? मी विचारलं.

"दांडी दुसऱ्यांदा वाकलीय. चार-पाच महिन्यांपूर्वी तुझा भाऊ घेऊन आला होता. हीच लेन्स. तोही म्हणाला, आटे जुळले होते."

मी स्टुलावरून पडायचा बाकी! दादा? जो दूधसुद्धा चमच्यानं ढवळण्याआधी भांड्यात वाकून बघायचा तो? लहानपणापासून सगळे मला म्हणतात, दादाकडून शीक, दादासारखा वाग... अहो, वागलो की! आणि काका म्हणे, जाताना हात जोडून सांगून गेला, घरी कळू देऊ नका, धाकट्याला तर मुळीच नको, जन्मभर चिडवेल. चिडवलं असतं हो. रोज चिडवलं असतं.

रोल धुऊन आला. वहिनी आणि मी टेबलाशी, दिवा लावून. पाकीट उघडलं... पहिला फोटो, मी. झोपलेला. दुसरा, मी, झोपलेला, जरा जवळून. तिसरा, अजून जवळून, तोंड उघडं. एकोणीसच्या एकोणीस! नंतर काकांना विचारलं तर म्हणाले, दांडी सरळ केल्यावर फोकस तपासायला मीच सांगितलं होतं, एकच न हलणारी वस्तू घे आणि वेगवेगळ्या अंतरावरून काढ. म्हणजे भरल्या घरात माझ्या भावाला न हलणारी वस्तू म्हणून मी सापडलो! आणि दादा? फोटो काढणारा फोटोत कुठून येणार... हे आम्हा दोघांच्याही तोवर डोक्यातच आलं नव्हतं. वहिनीनं एकोणीसही फोटो टेबलावर ओळीनं मांडले. मग तिचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतेय, तर हसत होती. म्हणाली, त्यांनी एवढं जवळून कुणाकडे बघितलं असेल तर ते तुमच्याकडे.

त्यातला एक तिनं मोठा करून, चौकटीत घालून, बाहेरच्या खोलीत लावलाय. नाही म्हणायची माझी छाती नाही. परवा दादाच्या कामावरचे एक गृहस्थ भेटायला आले, दुसऱ्या गावच्या कचेरीतले, नुसते फोनवर बोलणारे, त्याला कधी न बघितलेले. आल्या आल्या त्या फोटोसमोर मान खाली घालून उभे राहिले, आणि मागं पाण्याचा पेला घेऊन मी. म्हणाले, "किती शांत दिसतायत हो." वहिनी आतल्या दारात, पदर तोंडावर. आता मी काय सांगणार? म्हटलं, हो... झोप फार गाढ होती त्यांची.