संदर्भ: आमची आत्या

चहा येईस्तोवर आमच्या सरांचं सांगतो. एम.ए.ला मी शेळ्यांना बोलवायच्या हाकांवर प्रकल्प लिहिला होता. दर घराची हाक न्यारी, असं माझं म्हणणं. खाली संदर्भ एकच: आमची आत्या, शिरड शहापूर.

सर भडकले. "आत्या हा काय संदर्भ झाला? तपासायचा कसा? नापास करीन."

मी भीत भीत म्हणलं, "हिंगोलीहून एसटी हाय, सर."

सर खरंच गेले! आले अन् प्रकल्पावर लाल शाईनं लिहिलं: "संदर्भ तपासला. आत्याबाईंसारखी हाक मारली. शेळी आली."

आता आत्या न्हाई, सरबी न्हाईत. पोरांचे प्रकल्प मीच तपासून राहिलो. संदर्भात नुसत्या लिंका. दाबून दाबून बोट दुखतं, पण कोणीच येत न्हाई.