समीक्षाच्या नावानं मधली सुट्टी बंद करू नका

मंडळी, ऐन हंगामातली कामं टाकून तुम्ही आलात. मागं बाया उन्हात बसल्या आहेत, त्यांना इकडं सावलीत येऊ द्या. मला सभेत बोलायची सवय नाही. त्यात आज नऊ वर्षांच्या पोरीबद्दल बोलायचं आहे. समीक्षा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. मी तिचा मोठा बाबा. भाऊ समोर बसला आहे. त्याच्याकडं पाहिलं तर मला बोलता येणार नाही, म्हणून खाली पाहून बोलतो. सांभाळून घ्या.

मघाशी सरपंचभाऊंनी ठराव वाचला. उद्यापासून आपल्या शाळेची मधली सुट्टी बंद. पोरांनी वर्गातच ओळीनं बसून खिचडी खायची, की लगेच पुढचा तास. कोणी बाहेर निघायचं नाही. आणि खाली लिहिलं आहे, कुमारी समीक्षाच्या स्मरणार्थ.

सरपंचभाऊ, तुमच्या मनात खोट नाही. गावातली प्रत्येक आई धसकली आहे. पण ठराव मंजूर करण्याआधी माझं ऐका.

समीक्षा शाळेतून आली की मी विचारायचो, "आज काय शिकली?" ती दप्तर भिरकवायची. "मोठे बाबा, तुमाले काहीच समजत नाही. तासात काय होते? सुट्टीत काय झालं ते इचारा ना!" मग सगळं यायचं. लंगडीत कोणी पाय टेकवला अन् नाही म्हटलं, कोणाशी कट्टी झाली, कोणाची सुटली. मी म्हणायचो, "अन् सरनं काही शिकवलं का नाही?" "शिकवलं ना. ते पुस्तकात हाये, वाचून घ्या."

आता संध्याकाळी आमच्या घरात कोणी कोणाला काही विचारत नाही.

त्या दिवशी काय झालं, सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही. मी बोलतो. शाळेच्या मैदानावर सोयाबीन वाळत होतं. दरवर्षी वाळतं. जागा सपाट, झाडलेली, दिवसभर ऊन. ताडपत्रीला ताडपत्री लागलेली. माझ्या घरचंही होतं, मी काही वेगळा नाही. सर म्हणाले होते, पोरं खेळतील कुठं? आपण काय म्हटलं? "दोन दिवसाची तं गोष्ट हाये सर. पोरायले सांगा, दाण्यावर पाय देऊ नका."

पोरांनी ऐकलं. दाण्यावर पाय दिला नाही. सर एकटे खिचडी वाढत होते, तेवढ्यात पोरं शाळेसमोरचा, ढाणकी गावाकडं जाणारा रस्ता ओलांडून पलीकडच्या पडीक जागेत लंगडी खेळायला गेली. घंटा झाली. समीक्षा परत पळाली. नीट ऐका, ती शाळेतून पळाली नव्हती. ती वर्गाकडं पळत होती. उशीर होऊ नये म्हणून पळत होती. तेव्हा माल भरलेला पिकअप आला.

दुसऱ्या दिवशी मैदान रिकामं झालं. कोणाला सांगावं लागलं नाही.

मी रोज सकाळी मारुतीला पाणी घालतो. हे काहून केलं, असं त्याला अजून विचारलं नाही. विचारायला तोंड नाही. मैदान त्यानं भरलं नव्हतं.

परवा समीक्षाची आई मला म्हणाली, "भाऊ, सुट्टीच नसती, तं माही पोरगी घरी आली असती ना?" आली असती. हे खोटं नाही. मी तिला तेच सांगितलं. तिनं समीक्षाचं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं. मग म्हणाली, "पण मंग घरी येऊन तिनं मले सांगितलं काय असतं?"

मंडळी, याचं उत्तर या ठरावात आहे का?

आपण निंदणाला गेलो तरी दुपारी बांधावर बसतो. भाकर खातो, हसतो, एकमेकाची खेचतो. बैलाचंही जू काढतो. मग सकाळपासून बाकावर बसलेल्या पोरानं काय घोडं मारलं? एक पोर आपण रस्त्यावर घालवलं. बाकीच्यांना आता वर्गात कोंडायचं, आणि दारावर तिचं नाव लिहायचं?

माझं मागणं एवढंच आहे. ठरावातून समीक्षाचं नाव काढा. सुट्टी राहू द्या. आणि मैदानात एक पोतंही नको. आभाळ भरून आलं तरी नको, घरचा माल भिजला तरी नको.

उद्या सुट्टीची घंटा होईल तेव्हा तिच्या वर्गातली पोरं जागची उठणार नाहीत. फार भ्यायली आहेत ती. सर, त्यांना हाताला धरून बाहेर आणा. रस्त्याच्या तोंडाशी आपल्यातला एक जण उभा राहील. उद्या मी राहतो. परवा कोण, ते तुम्ही ठरवा.

आता सगळे उभे राहा. टोप्या काढा. ठरावाला हात वर करायचा की नाही, ते मागाहून पाहू. आधी हात जोडा, आणि गप्प राहा. तिची आई बायांत बसली आहे, ती सांगेल तेव्हाच खाली बसू.