फेट्याएवढं दार

...आन् वर मलाच म्हणत्यात, 'बन्सीआबा, तुमच्या पोराचं डोकं फिरलंय!' फिरलंय? आवो, लढाईवरनं हातापायासकट धड आलाय त्यो! पण तुमाला सांगतो, एखादं बोट तिथं ठिवून आला असता तरी चाललं असतं, ही गोष्ट घिऊन यायला नको हुता. काय तर, बर्फात ऊब असती म्हणं!

गहिन्या माझा एकुलता एक. इंग्रजांच्या पलटणीत गेला, तिथं इटलीच्या डोंगरात बर्फाची खोपी कोरून निजला. बरं, निजलास तर निजलास, सांगायचं कशाला? आन् तेबी सोयरीक घिऊन आलेल्या पाव्हण्यांना? एक पाव्हणं तर च्या तसाच ठिवून उठलं... 'आमची पोर येड्याच्या गळ्यात बांधू व्हय?' कारभारीण गेल्यापून भाकरी म्या थापतो... थापतो कसल्या, फाडतो! घरात सून पायजे, आन् ह्यो सांगत बसलाय, बर्फात ऊब असती म्हणं!

म्हनलं, "गहिन्या, बर्फ गार असतो रं!" तर म्हणतो, "आबा, घोंगडी काय सवताहून तापती? तिच्यात हवा अडकती, ती अंगाची ऊब भाईर सोडत न्हाई. भुसभुशीत बर्फाचंबी तसंच. दार पार खाली, निजायचा वटा वर. ऊब वर चढती, गारठा खालनं निघून जातो. श्वासापुरतं वर एक भोक." आता घ्या!

मग राहुरीकडचं सहादेव पाव्हणं आलं, आपल्या लेकीची, पुष्पावतीची सोयरीक घिऊन. भला माणूस! म्हणालं, "मग दाव की रं." आता आमच्या जामखेडात बर्फ कुठनं आणायचा? गहिन्यानं कडब्याच्या गंजीतच खोपी कोरली, पौषातल्या गारठ्यात. आत वटा, दार गुडघ्याएवढं. म्या रांगत जाऊन बसलो... देवाशप्पथ, घाम यायचा तेवढा ऱ्हायला! म्हनलं जमलं! सून आली!

पण दार बघा की! हुणाऱ्या व्याह्याला रांगत न्यायचं? डोक्याला केवढा फेटा, वर तुरा काढलेला... भावकी काय म्हणंल, बन्सीनं सोयऱ्याला कुत्र्यावानी आत घातला? गहिन्या बैलं पाण्यावर घिऊन गेल्ता, तेवढ्यात म्या इळा घेतला आन् दार कापून फेट्याएवढं केलं. ऐसपैस! "या पाव्हणं, ताठ मानंनं या!"

आवो, समदी ऊब त्या दारानं गेली की! पाव्हणं वट्यावर, दात कडाकडा... गहिन्या धावत आला, दार बघितलं आन् आधी पाव्हण्यांच्या अंगावर घोंगडी टाकली. "आबा, ह्ये कुणी केलं?" कुणी केलं म्हंजे? मानपान कुणी ठिवायचा? बर्फानं?

सहादेव पाव्हणं घोंगडी गुंडाळून म्हणालं, "पोरगं खरं बोलतंय, मला पटलं. ऊब कशी पळती ते सवता भोगलं. पण आबा, लढाई मारून आलेल्या पोराचंच ह्या घरात कुणी ऐकत न्हाई, तिथं माझ्या पुष्पीचं कोण ऐकंल?"

गेलं पाव्हणं. पण तुमाला सांगतो, जाताना फेट्याचा तुरा जरासुदीक वाकला न्हाई!